तीन दिवस उशिरा आलेल्या गाड्या: नीपरपार उतरलेल्या सोव्हिएत छत्रीसैनिकांचं प्रकरण (सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४३)

छत्रीसैनिकांच्या तीन हवाई ब्रिगेड घेऊन येणाऱ्या आगगाड्या २१ सप्टेंबरपर्यंत लेबेदिन, स्मोरोदिनो आणि बोगोदुखोव्ह इथल्या विमानतळांच्या आसपास रिकाम्या व्हायला हव्या होत्या. त्या २४ तारखेपर्यंत येतच राहिल्या. त्याच संध्याकाळी साडेसहाला पहिलं विमान उडालं. या मोहिमेत पुढे जे काही बिघडलं त्याची मुळं शोधत मागे गेलं की पुन्हापुन्हा याच तीन दिवसांपाशी येऊन थांबावं लागतं.

ब्रिगेड होत्या १ली, ३री आणि ५वी गार्ड्स हवाई ब्रिगेड. मिळून सुमारे १०,००० माणसं, २४ तोफा (४५ मिमी), १८० उखळी तोफा. तिघींना मिळून एक तात्पुरतं कोअर केलं आणि ते मेजर जनरल झातेवाखिन यांच्या हाती दिलं. वर होता जनरल वातुतिन यांचा व्होरोनेझ फ्रंट (फ्रंट म्हणजे अनेक आर्मींचा सोव्हिएत सैन्यगट), आणि त्याच्याही वर देखरेखीला मॉस्कोच्या सर्वोच्च मुख्यालयाचे प्रतिनिधी म्हणून मार्शल झुकोव्ह.

काम नेमकं काय होतं? कुर्स्कच्या लढाईनंतर जर्मन सैन्य नीपर नदीच्या आडोशाला मागे हटत होतं. किएव्हच्या दक्षिणेला वेलिकी बुक्रिनजवळ नदी मोठं वळण घेते. तिथे २२ सप्टेंबरपासून रिबाल्को यांच्या ३ऱ्या गार्ड्स टँक आर्मीची माणसं होड्या आणि तराफ्यांवरून पार होऊ लागली होती. पलीकडचा काठ उंच, घळींनी चिरलेला, अलीकडचा सखल. नुसतं पार होणं जमलं होतं, पण पूल नव्हता, त्यामुळे रणगाडे आणि जड तोफा अलीकडेच अडकलेल्या. अशा वेळी पैलतीरावर पाय रोवलेल्या मूठभर पायदळाला पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात. छत्रीसैनिकांनी नेमके तेवढेच दिवस काढून द्यायचे होते. नदीपासून १५-२० किमी आत, लिपोवी लोग, माकेदोनी, शांद्रा ते कानेव अशा कमानीवर उतरायचं, रस्ते अडवायचे आणि पश्चिम-दक्षिणेकडून येणारी जर्मन कुमक रोखून धरायची. योजनेत मुळात काही वेडेपणा नव्हता.

झुकोव्ह यांनी योजनेवर १९ सप्टेंबरला शिक्कामोर्तब केलं. त्या दिवशी बुक्रिनच्या वळणात जर्मन जवळजवळ नव्हतेच. अडचण अशी, की योजना १९ तारखेच्या नकाशावर बेतलेली आणि उडी २४ तारखेची.

मधल्या पाच दिवसांत काय झालं ते जर्मन बाजूने पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. जनरल नेरिंग यांचं २४वं पॅन्झर (म्हणजे रणगाड्यांचं) कोअर कानेवच्या पुलावरून माघार घेऊन पश्चिम काठावर आलं आणि तिथून वर बुक्रिनकडे वळलं. १९वी पॅन्झर डिव्हिजन किएव्हकडून त्याच वळणाकडे खाली निघाली होती. १०वी मोटराइज्ड डिव्हिजन आणि आणखी पायदळ डिव्हिजनही याच पट्ट्यात जमत होत्या. म्हणजे ज्या रस्त्यांवर छत्रीसैनिकांनी आधी जाऊन बसायचं होतं, त्याच रस्त्यांवरून जर्मन फौज कूच करत होती. सोव्हिएत टेहळणी विमानांना हवामानामुळे उतरण्याच्या जागेचे ताजे फोटो घेता आले नाहीत. जुने फोटो आणि जुना अंदाज, त्यावरच सगळं चाललं.

वातुतिन यांनी अंतिम काम २३ तारखेला ठरवून दिलं. ब्रिगेड कमांडरांपर्यंत ते पोचलं २४ तारखेला, उड्डाणाच्या काही तास आधी. तिथून बटालियन, कंपनी, पलटण असं खाली झिरपायला वेळच उरला नाही. बऱ्याच सैनिकांना आपण कुठे उतरणार आणि उतरून काय करणार हे विमान हवेत असताना कळलं. छत्रीसैनिकाच्या बाबतीत ही चूक पायदळापेक्षा कितीतरी महागात पडते. पायदळाचा शिपाई हुकूम विसरला तरी शेजारी हवालदार असतो. छत्रीने अंधारात उतरलेला माणूस पहिली वीस मिनिटं तरी एकटा असतो, आणि तेव्हा त्याच्याजवळ असतो तो फक्त डोक्यातला नकाशा. इथे तोच दिलेला नव्हता.

घाईचा फटका सामानालाही बसला. खंदक खणायची छोटी फावडी, रणगाडाविरोधी सुरुंग, पावसा-थंडीत अंगावर घ्यायची ताडपत्री, हे वाटायला सवड मिळाली नाही. शिधा दोन दिवसांचा. रणगाड्यांच्या वाटेत उतरणाऱ्या माणसाजवळ फावडं आणि सुरुंग नसणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आता विमानांचा हिशोब. हा भाग बहुतेक वर्णनांत दोन ओळींत उरकलेला असतो, पण खरं पाणी इथेच मुरलं आहे.

ठरलं होतं ते असं: १८० लि-२ मालवाहू विमानं, १५० बॉम्बफेकी विमानं (इल-४ आणि अमेरिकेकडून आलेली बी-२५), शिवाय तोफांसाठी ३५ ग्लायडर (बिनइंजिनची विमानं) आणि ती ओढायला १० विमानं. लि-२ म्हणजे आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखलं जाणारं विमानच, रशियात परवान्याने बांधलेलं. नियोजनात एका लि-२ मध्ये २० माणसं धरली. प्रत्यक्षात विमानतळावर सगळा भार मोजल्यावर चढली १५ ते १८.

फरक किरकोळ वाटतो. करून पाहा. ३,०५० माणसांच्या ब्रिगेडला २० च्या हिशोबाने साधारण १५३ खेपा लागतात. १६ च्या हिशोबाने १९१. म्हणजे एका ब्रिगेडमागे ३८ जादा खेपा, आणि प्रत्येक खेपेचं अंतर एका बाजूला १८०-२०० किमी. जाऊन-येऊन दोन तास उड्डाण, वर माणसं चढवणं, पेट्रोल भरणं. सप्टेंबरअखेरची रात्र साधारण अकरा-बारा तासांची. विमानाने रात्रीत दोन-तीन खेपा करायच्या तर जमिनीवरचा वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जाता कामा नये, आणि विमानं ठरलेल्या क्रमाने यायला हवीत. दोन्ही झालं नाही. विमानं ठरलेल्या संख्येने आली नाहीत, जी आली ती एकदम नव्हे, मागेपुढे. कुठे माणसं छत्र्या बांधून धावपट्टीशेजारी बसलेली आणि विमान नाही, कुठे विमान उभं आणि ज्यांना न्यायचं ती तुकडी दुसऱ्याच विमानतळावर, असा गोंधळ झाला. कोण कुठल्या विमानात हे कागदावर नीट बांधलं होतं. विमानाची क्षमता बदलताच ती सगळी यादी मोडली आणि तुकड्या ऐनवेळी नव्याने पाडाव्या लागल्या. त्यात कंपन्या फुटल्या, बिनतारी संच एका विमानात आणि ज्यांना ते लागणार ते कमांडर भलत्याच विमानात, असं झालं.

मग पेट्रोल. ५व्या ब्रिगेडच्या विमानतळांवर पेट्रोल भरणारे टँकर कमी होते आणि साठाही पुरेसा आलेला नव्हता. रेल्वेच त्या आठवड्यात तुंबलेली होती. दोन बटालियन गेल्यावर पेट्रोल संपलं. उरलेली ब्रिगेड जमिनीवरच राहिली. शत्रूची गोळी न लागता निम्मी ब्रिगेड अशी बाद झाली.

सकाळी हिशोब लागला तो असा. ५०० ठरवलेल्या खेपांपैकी २९८ झाल्या. ३ऱ्या ब्रिगेडचे ३,०५० आणि ५व्या ब्रिगेडचे १,५२५ असे ४,५७५ जण आणि सामानाच्या सुमारे ६६० मऊ पिशव्या खाली गेल्या. भागाकार केला तर खेपेमागे जेमतेम पंधरा माणसं येतात. दोन ब्रिगेडमधले २,०१७ जण, म्हणजे जवळपास तीस टक्के, गेलेच नाहीत. ४५ मिमीच्या तोफांपैकी एकही पलीकडे पोचली नाही. १ली ब्रिगेड दुसऱ्या रात्री जाणार होती. ती दुसरी रात्र आलीच नाही.

हवेत काय झालं याचं स्पष्टीकरण साधारणपणे विमानविरोधी तोफांवर ढकलून लोक मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. ठरलं होतं ६००-७०० मीटर उंचीवरून उडी. खालून मारा सुरू झाल्यावर वैमानिक वर चढले, काहींनी २,००० मीटरपर्यंत, वेगही वाढवला. छत्री सेकंदाला साधारण पाच मीटरने खाली येते असं धरलं तर ६०० मीटरला दोन मिनिटं लागतात, २,००० ला साडेसहा-सात. वारा सेकंदाला पाच मीटर असला तर माणूस पहिल्या उंचीवरून ६०० मीटर वाहतो, दुसरीवरून दोन किलोमीटर. विमान ताशी २०० किमीने जात असेल आणि माणसं एकेका सेकंदाने बाहेर पडत असतील तर दोघांत ५५ मीटर अंतर पडतं. सोळा जणांची रांग पाऊण-एक किलोमीटरवर पसरते. उंची आणि वेग वाढल्याने असं काही किलोमीटरांचं पसरणं समजू शकतं.

पण सैनिक र्झिश्चेव्हपासून चेर्कासीपर्यंत विखुरले, म्हणजे जवळपास १०० किमीच्या पट्ट्यात. हा दोष वाऱ्याचा किंवा उंचीचा नव्हे, दिशेचा आहे. १९० किमीच्या उड्डाणात दिशा तीन अंशांनी चुकली तर शेवटी दहा किलोमीटरची चूक होते, आणि रात्री खाली खूण नसेल तर ती सुधारता येत नाही. बऱ्याच वैमानिकांचा अनुभव बॉम्बफेकीचा, छत्रीसैनिक टाकण्याचा नव्हता. आणि सर्वांत मोठी उणीव: आधी उतरून जागेवर दिवे किंवा शेकोट्या लावणारं वाटाडं पथक पाठवलंच नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी, १३ सप्टेंबरच्या रात्री, अमेरिकन ८२व्या डिव्हिजनची एक रेजिमेंट इटलीत सालेर्नोजवळ उतरली तेव्हा खाली पेट्रोलच्या जळत्या डब्यांची खूण आखून ठेवली होती, आणि बहुतेक माणसं जागेवर पडली. (आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर डिसेंबर १९७१ मधलं टांगाइल. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून घडलेल्या २ पॅराची ती उडी. तिथे आपला अधिकारी आधीच मुक्तिवाहिनीबरोबर त्या भागात पोचलेला होता.) कानेव-चेर्कासीच्या जंगलांत सोव्हिएत पार्टिझान (जर्मन फळीमागे लढणारे गनिमी) तुकड्याही होत्या. त्यांचा या कामासाठी उपयोग करून घ्यायला त्या गाड्यांनी खाल्लेले तीन दिवस हवे होते.

तेरा विमानं जागा न सापडल्याने माणसांसकट परत आली. काहींनी आपल्याच फळीमागे माणसं टाकली. एका विमानातली माणसं थेट नीपरमध्ये पडून बुडाली.

जे ठरल्या जागेजवळ उतरले त्यांचं नशीब याहून वाईट. दुदारी गावाच्या आसपास १९व्या पॅन्झर डिव्हिजनची एक रेजिमेंट नेमकी तेव्हाच रस्त्यावरून जात होती. जर्मनांनी प्रकाशबाण सोडले, गाड्यांवरच्या २० मिमी तोफा आणि मशीनगन वर वळवल्या. लोंबकळत खाली येणारा माणूस या वेळी काहीच करू शकत नाही: हात दोऱ्यांना, बंदूक अंगाला बांधलेली. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत २४व्या पॅन्झर कोअरने ६९२ मृत आणि २०९ कैदी नोंदवले. एकूण उतरलेल्यांपैकी दर पाचांत एक, चोवीस तासांच्या आत.

उतरल्यावर गोळा होण्याची पद्धत सोपी असते. विमान ज्या दिशेने गेलं ती लक्षात ठेवायची. आधी उडी मारलेल्याने त्याच दिशेने चालायचं, शेवटच्याने उलट, मधल्यांनी थांबायचं. रांग अशी मध्यावर गुंडाळली जाते. पण मारा चुकवत विमान वळत गेलं असेल तर दिशाच राहत नाही. शिवाय ऐनवेळी फुटलेल्या तुकड्यांमुळे शेजारी सापडलेला माणूस भलत्याच कंपनीचा निघायचा. त्याचं काम वेगळं, अधिकारी वेगळा. तरीही पहिल्या दिवसअखेर साधारण २,३०० जण ४३ गटांत जमले. या प्रशिक्षणाला दाद द्यावी ती इथे.

संपर्क मात्र तुटला तो तुटलाच. फ्रंटला कोणाचाही विश्वासार्ह निरोप येईना. २८ तारखेच्या रात्री वायरलेसवाल्यांचे तीन गट खास उतरवले. त्यांचाही पत्ता लागला नाही. दिवसा पाठवलेलं एक छोटं उ-२ विमान फळी ओलांडतानाच पडलं. मुख्यालयाला कळेना पलीकडे जिवंत कोण, आणि पलीकडच्यांना कळेना नदीवर काय चाललंय. रसद टाकायची तरी कुठे?

३ ऑक्टोबरला सर्वोच्च मुख्यालयाने लेखी निर्देश काढला. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोष वाटून दिला आहे. उडी अयशस्वी ठरली आणि विनाकारण मोठी हानी झाली, याला केवळ उड्डाणाची जबाबदारी असलेले विमानदलाचे स्क्रिप्को नव्हे, तर ज्यांनी तयारीवर देखरेख करायला हवी होती ते कॉम्रेड युर्येव्ह आणि वातुतिन हेही जबाबदार आहेत, असा त्याचा आशय. युर्येव्ह हे झुकोव्ह यांचं सांकेतिक नाव. उरलेली दीड ब्रिगेड फ्रंटकडून काढून घेऊन राखीव दलात टाकली. दोष वर लावला हे या निर्देशाचं वेगळेपण. पण रेल्वे, पेट्रोल, विमानांची गर्दी या साखळीला मूळ कारण म्हणून पुढे आणलं नाही, आणि धडा काढला तो भलताच: रात्रीच्या मोठ्या उड्या धोक्याच्या.

प्रकरण इथे संपलं असं मॉस्कोत धरलं गेलं तरी जंगलात ते चालूच होतं. ५व्या ब्रिगेडचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सिदोर्चुक कानेवच्या जंगलात पोचले आणि त्यांनी सुटे गट गोळा करायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काही शे माणसं जमल्यावर त्यांनी केलं ते काम नीट पाहण्यासारखं आहे. जमाव तसाच ठेवला नाही. तीन बटालियन पाडल्या आणि सोबत टेहळणी, सॅपर (सुरुंग-स्फोटकांचं काम करणारे), रणगाडाविरोधी आणि संपर्क अशा चार पलटणी उभ्या केल्या. कोण मूळचा ३ऱ्या ब्रिगेडचा, कोण ५व्या, हा प्रश्न बाजूला ठेवला. प्रत्येकाला अधिकारी, जागा आणि काम मिळालं. चालता वायरलेस असलेला गट येऊन मिळाल्यावर मुख्यालयाशी बोलणं सुरू झालं आणि हवेतून दारूगोळा, शिधा येऊ लागला.

जर्मनांनी घेरायला सुरुवात केली की जागा सोडायची, रात्री चालायचं, हा क्रम होता. कानेवहून तागांचाचं जंगल, तिथून पुढे चेर्कासीलगतचं मोठं जंगल. वाटेत आगगाड्यांचे रूळ, मोटारींचे ताफे, गावांतली छोटी जर्मन ठाणी यांवर हल्ले. स्थानिक पार्टिझान सोबत. ऑक्टोबरच्या अखेरीला सिदोर्चुक यांच्याकडे सुमारे १,२०० माणसं होती. उडी मारलेल्यांच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त.

दरम्यान बुक्रिनमधून किएव्ह घेण्याचे ऑक्टोबरचे हल्ले त्याच घळींत फसले. रिबाल्को यांचे रणगाडे महिनाअखेर गुपचूप उत्तरेला ल्युतेझकडे हलवले गेले आणि ६ नोव्हेंबरला किएव्ह तिकडून पडलं. पैलतीरावरच्या बुक्रिनच्या ज्या तळासाठी छत्रीसैनिक टाकले होते त्याची भूमिका शत्रूला गुंतवून ठेवण्यापुरती उरली.

मग योजनेत नसलेली एक गोष्ट घडली. दोन ब्रिगेडचे हे अवशेष आता चेर्कासीजवळ, म्हणजे दुसऱ्याच फ्रंटसमोर, नदीकाठी बसलेले होते. २ऱ्या युक्रेनियन फ्रंटच्या ५२व्या आर्मीला तिथेच नीपर ओलांडायची होती. १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री आर्मीची माणसं स्विदोव्होकजवळ होड्यांतून निघाली आणि सिदोर्चुक यांच्या बटालियनांनी काठावरच्या ठाण्यांवर मागून हल्ला केला. सप्टेंबरमध्ये जे करायचं होतं तेच हे काम: नदी पार करणाऱ्यांना मागून हात देणं. फरक एवढाच, की यावेळी वेळ ठरवलेली होती, दोन्ही बाजू वायरलेसवर बोलत होत्या, जागा पायाखालची होती आणि प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. पैलतीरावरचा नवा तळ टिकला. चेर्कासी १४ डिसेंबरला घेतलं गेलं. सिदोर्चुक यांच्या माणसांनी आपली जागा २८ नोव्हेंबरला दुसऱ्यांच्या हवाली केली, उडीनंतर दोन महिने आणि चार दिवसांनी. योजना दोन-तीन दिवसांची होती.

तिघांना सोव्हिएत युनियनचा वीर हा किताब मिळाला: मेजर ब्लुव्श्तेइन, सीनियर लेफ्टनंट पेत्रोस्यान आणि ज्युनियर सार्जंट कोन्द्रात्येव्ह.

नीपरनंतर युद्ध संपेपर्यंत सोव्हिएत छत्रीसैनिकांची या आकाराची उडी झाली नाही. गार्ड्स हवाई डिव्हिजन पायदळ म्हणून लढल्या. ऑगस्ट १९४५ मध्ये मांचुरियात मुकदेन, हार्बिन अशा शहरांत हवाई तुकड्या पोचल्या तेव्हा छत्र्या वापरल्याच नाहीत. विमानं दिवसाढवळ्या विमानतळांवर उतरवली आणि माणसं शिडीवरून खाली आली.